बिनफवारणीचा पट्टा

इंट्रालिपिड म्हणजे मुळात सोयाबीनचं तेल. त्यात अंड्याच्या बलकातला एक घटक आणि ग्लिसरीन घालून दुधासारखं पांढरं द्रावण करतात आणि शिरेतून देतात. ज्या आजारी माणसाला तोंडानं खाता येत नाही त्याला ताकद मिळावी, यासाठी ते तयार झालं. आयव्हीएफच्या दवाखान्यात तीच सलाइन वेगळ्या कारणानं लावतात. बाईच्या शरीरानं गर्भाला परका समजून नाकारू नये, असं ते कारण. माझं सेलूला कृषी सेवा केंद्र आहे, सोयाबीनचं बियाणं विकण्यात माझे पावसाळे जातात. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून मी बायकोला म्हटलं, आपलाच माल फिरून आपल्याकडं आलाय, भाव तेवढा वाढलाय. ती हसली नाही. म्हणाली, "यानं लेकरू राहतं का, एवढं विचारून ये."

विचारलं. उत्तर मिळालं, "लावून घ्या, नुकसान तर काही नाही."

हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. आमच्या धंद्यात त्याला लिंकिंग म्हणतात. शेतकऱ्याला डीएपीचं पोतं हवं असतं. त्याच्यासोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी, एखादी नॅनोची बाटली, एखादं टॉनिक गळ्यात घातलं जातं. कंपनी विक्रेत्यावर लादते, विक्रेता शेतकऱ्यावर. कायद्यानं बंदी आहे, तरी ऐन पेरणीत पोत्यासाठी रांग लागलेली असताना कोण भांडत बसणार? टॉनिक घेणारा शेतकरी मूर्ख नसतो. हंगाम हातचा जाईल ही त्याची भीती असते, आणि टॉनिक त्या भीतीवर विकलं जातं.

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या दवाखान्यात आम्ही जात होतो (नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती) तिथं पॅकेज वेगळं आणि 'वरचं' वेगळं होतं. वरच्यात गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढायचं स्क्रॅचिंग, गर्भ आत सोडायची, म्हणजे ट्रान्सफरची, वेळ ठरवणारी ईआरए चाचणी, रक्तातल्या प्लेटलेटचं पीआरपी, इंट्रालिपिड, गर्भाच्या कवचाला लेझर, गर्भाची पीजीटी-ए तपासणी, गर्भ चिकटावा म्हणून एम्ब्रियो ग्लू, आणि माझ्यासाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या. सगळं घेतलं तर बिल लाखाच्या वर गेलं असतं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे लाख रुपयांसाठी एकोणीस क्विंटल सोयाबीन लागतं, तेही हमीभाव मिळाला तर. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल धरले तर तीन एकराचं पीक झालं. २०२५ च्या सप्टेंबरच्या पावसानं ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांना हे गणित सांगायची गरज नाही.

टॉनिक मारलेला शेतकरी येऊन सांगतो, "काय पीक आलंय, भाऊ!" मी विचारतो, न मारलेला पट्टा कुठाय? बहुतेक वेळा तो नसतो, कारण सगळ्या रानावर फवारलेलं असतं. मग पीक टॉनिकनं आलं की पावसानं, हे कसं कळायचं? परभणीच्या कृषी विद्यापीठात नवं वाण जुन्या वाणाच्या शेजारी पेरून, एकाच मातीत, एकाच पावसात तोलून बघतात. दवाखान्यातल्या या वरच्या गोष्टींनाही असे पट्टे पाडून बघितलेलं आहे. फक्त ते काउन्सिलरच्या टेबलावर कुणी सांगत नाही.

ओरखड्याचंच घ्या. ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच देशांतल्या १,३६४ बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला ओरखडा काढला, दुसऱ्याला नाही. २०१९ मध्ये निकाल छापून आला. जिवंत बाळ होण्याचं प्रमाण ओरखडेवाल्यांत २६.१ टक्के होतं, आणि बिनओरखड्याच्यांतही २६.१ टक्केच. आणि ओरखडा दुखतो, हे बायका सांगतीलच. ईआरएसाठी एक महिना खोटी सायकल करून अस्तराचा तुकडा काढावा लागतो. २०२२ मध्ये अमेरिकेत ७६७ बायकांवर ती चाचणी पारखली. चाचणीप्रमाणे वेळ ठरवलेल्यांत ५८.५ टक्क्यांना मूल झालं, नेहमीच्या वेळी ट्रान्सफर केलेल्यांत ६१.९ टक्क्यांना. हा फरक योगायोगाचाही असेल, पण ज्या फायद्यासाठी पैसे मोजायचे तो कुठं दिसला नाही.

पीजीटी-एबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण ती सगळ्यात महाग आणि तिचं म्हणणं ऐकायला सगळ्यात पटणारं. गर्भाच्या काही पेशी काढायच्या, गुणसूत्रं मोजायची, चांगला गर्भ निवडायचा. यात चूक काय? चीनमध्ये १,२१२ बायकांवर, सदतिशीपर्यंतच्या आणि चांगले गर्भ तयार झालेल्या, हा प्रयोग झाला. २०२१ मध्ये आलेल्या निकालात एका सायकलच्या गर्भांतून शेवटी बाळ झालं ते तपासलेल्यांत ७७.२ टक्के, न तपासलेल्यांत ८१.८ टक्के. तपासणीनं नवा गर्भ तयार होत नाही, आहेत त्यातलेच काही बाजूला पडतात. वय जास्त असेल, गर्भ वारंवार पडत असेल, तर डॉक्टरांशी वेगळं बोलणं होऊ शकतं. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर त्या आजारासाठी केलेली गर्भाची तपासणी ही वेगळीच चाचणी, तिला मी वरचं म्हणणार नाही. आणि या तपासणीतून मुलगा की मुलगी कळेल या आशेनं कुणी विचारत असेल, तर २००३ च्या दुरुस्तीपासून तो गुन्हा आहे. हे मला एका पाहुण्याला सांगावं लागलं, म्हणून इथं लिहिलं.

माझ्या गोळ्यांचीही गोष्ट तीच. २०२० मध्ये छापलेल्या अमेरिकी अभ्यासात अँटिऑक्सिडंट घेतलेल्या पुरुषांचे शुक्राणू न घेतलेल्यांपेक्षा सुधारले नाहीत. गावाकडं पुरुषानं गोळी घेणं हीच मोठी गोष्ट मानतात, त्यामुळं त्या बंद करताना मला घरात जास्त समजवावं लागलं.

उलट बाजूही आहे. काही गोष्टी वरच्या वाटतात पण नसतात. गर्भनळीत पाणी भरलेलं असेल तर आयव्हीएफआधी ती नळी काढून टाकल्यानं फायदा होतो. थायरॉइड बघणं, आपल्याकडं गर्भाशयाचा टीबी नाही ना हे बघणं, हे नाकारण्यात शहाणपण नाही. आम्ही ग्लू घेतला. त्याच्या बाजूनं अभ्यास आहेत, जुळ्यांची शक्यता वाढते हेही त्यात लिहिलंय, आणि तो बाकीच्यांपेक्षा स्वस्त होता. बाकीचं नको म्हटलं. ते पैसे गोठवलेल्या दुसऱ्या गर्भाच्या ट्रान्सफरसाठी ठेवले. खरा आधार दुसऱ्या संधीचा असतो आणि तिच्यासाठीच बहुतेकांकडं पैसे उरत नाहीत.

माझा राग वेळेवर आहे. ट्रान्सफरच्या सकाळी बाईला पाणी पाजून लघवी दाबून बसवलेलं असतं, सासू बाहेर माळ ओढत असते, आणि तेव्हा कागद पुढं येतो की लेझर करायचं का, सही करा. कागद इंग्रजीत. त्या घडीला 'नको' म्हणणारी बाई मी अजून बघितली नाही. फक्त माझ्या बायकोनं म्हटलं, पण ती आधीच्या महिन्यातच ठरवून आली होती.

२०२१ चा जननसाहाय्य तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या २१ व्या कलमात दवाखान्यानं यशाची शक्यता, फायदे, तोटे, खर्च, दुष्परिणाम सांगावेत आणि जोडप्याला समजून निर्णय घ्यायला मदत करावी, असं आहे. तक्रार कक्षही ठेवायचा आहे. ब्रिटनमधली नियामक संस्था, एचएफईए, अशा बऱ्याच वरच्या उपचारांना पुराव्यानुसार रंग देते आणि ती यादी कुणालाही बघता येते. त्यात ईआरए लाल आहे. आपल्याकडं २०२१ मध्ये पिकावरची बायोस्टिम्युलंटं, म्हणजे आमची ती टॉनिकं, खत नियंत्रण आदेशात आली, त्यांना आता चाचणीचे आकडे दाखवावे लागतात. सोयाबीनच्या पानावर काय मारायचं याचे आकडे मागणारं सरकार, बाईच्या गर्भाशयावर काय करायचं याचे आकडे तिच्या हातात मराठीत द्या, एवढं तरी सांगू शकतं. या जननसाहाय्य कायद्याखालच्या राज्य मंडळानं असा एक कागद काढावा. प्रत्येक वरच्या उपचारापुढं खर्च आणि 'न केल्यास काय' हे दोन रकाने असावेत. आकडा जिवंत बाळाचा असावा, गर्भ राहिल्याचा बीटा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचा नको. आणि तो कागद इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी मिळावा, म्हणजे घरी नेऊन चार माणसांत वाचता येईल.

आम्हाला लेकरू झालं की नाही, हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही. झालं म्हटलं तर लोक ग्लू मागायला धावतील, नाही म्हटलं तर सलाइन नाकारली म्हणून झालं नाही म्हणतील. आमचा तर एकच पट्टा होता, फवारलेला की बिनफवारलेला, त्यावरून कुणी काही ठरवू नये.