फाईलमध्ये न आलेलं वाक्य

आमच्या शाळेत शिकलेली एक मुलगी आता पिंपरी-चिंचवडच्या एका रुग्णालयात, आयसीयूत नर्स आहे. ईदला घरी आली, तर शीरखुर्म्याची वाटी हातात धरून गप्पच. मग म्हणाली, "मॅडम, परवा रात्री एका आजोबांची छाती दाबत होते. बरगडी मोडल्याचं हाताला कळलं. कॅन्सर शेवटच्या टप्प्यातला. मुलगा चाकणला कंपनीत आहे. संध्याकाळीच तो डॉक्टरांना म्हणाला होता, अब्बांना आता त्रास नको. पण फाईलमध्ये काहीच नव्हतं."

लिहिलेलं नसेल तर नर्सला सीपीआर सुरू करावाच लागतो. तिचं चुकलं नाही. चूक संध्याकाळीच झाली होती. ते बोलणं कागदावर आलं नाही, आणि त्या वेळी नर्सला कुणी बोलावलं नाही.

खरं तर नियम आहेत. छाती दाबून जीव परत आणायचा की नाही, हे डॉक्टरांनी रुग्णाशी किंवा घरच्यांशी बोलून ठरवावं आणि लिहून ठेवावं, अशा सूचना आयसीएमआरने 2020 मध्ये दिल्या. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 2023 मध्ये उपचार थांबवण्याची प्रक्रिया सोपी केली. त्यासाठीच्या दोन्ही मंडळांत डॉक्टर आहेत. नर्सला जागा नाही.

याच महाराष्ट्रात अरुणा शानबाग यांना केईएमच्या नर्सनी 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं. 2011 मध्ये त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळताना कोर्टाने, अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या म्हणत होत्या, तिला जगू द्या. म्हणजे नर्सला विचारलं की ती 'सोडून द्या'च म्हणेल, असं नाही. ती पाहिलेलं सांगेल.

निर्णयाचं ओझं नर्सवर टाका, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरांचं आणि कुटुंबाचं काम. पण त्या बैठकीत तिला खुर्ची द्या. रात्री तीन वाजता हात तिचेच असतात.

आणि आपण? मौत बरहक आहे, असं आपण म्हणतो, पण घरात त्यावर बोलत नाही. सीपीआर नको म्हणजे उपचार बंद, असा अर्थ नाही. वेदना कमी करणं, ऑक्सिजन, स्वच्छता, सोबत हे सगळं चालूच राहतं. मनात शंका असेल तर मौलानांना विचारा, डॉक्टरांना विचारा, पण वेळेत विचारा. आणि फाईलमध्ये लिहिलंय ना, हे ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारल्याशिवाय घरी जाऊ नका.