स्कम, मळी आणि माणसे

उन्हाळ्यात न्यूझीलंडमधील काही तळ्यांच्या काठी पाण्यात उतरू नये अशा सूचना लागतात. विषारी शेवाळाचा थर पाण्यावर तरंगू लागला की त्याला येथे ‘स्कम’ म्हणतात. हाच शब्द माणसांसाठी वापरला की त्याची शिवी होते, आणि ती मुलांच्याही कानी पडते. म्हणून या शब्दाची ओळख करून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुळात शब्द निरुपद्रवी. जुन्या डच भाषेत त्याचा अर्थ फेस. डॅनिश व स्वीडिश भाषांत ‘स्कुम’ म्हणजे आजही साधा फेसच. जर्मन ‘शाउम’ आणि फ्रेंच ‘एक्यूम’ ही त्याचीच भावंडे. दुधावरची साय काढण्यासाठी वापरला जाणारा ‘स्किम’ हा इंग्रजी शब्दही त्याच घराण्यातला. पुढे इंग्रजीत उकळत्या रसावर येणाऱ्या मळाला हे नाव पडले आणि १६ व्या शतकाच्या अखेरीस ते माणसांना चिकटले.

आपल्या गुऱ्हाळात हिलाच मळी म्हणतात. कोल्हापूरकडे काहिलीतला रस तापू लागला की त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात. मळी वर येते व गुळव्या ती काढून टाकतो. मळी नीट निघाली तरच गूळ स्वच्छ उतरतो. ज्या वाचकांचे पूर्वज मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांच्या घराण्याला हे काम नवे नाही. तेथील कारखान्यांत रसातून निघणारा हा मळ खत म्हणून पुन्हा उसाच्या शेतात घालतात. टाकाऊ म्हटलेलेही कामी येते ते असे.

आता विसंगती पाहा. मळी नेहमी वर तरंगते. पण शिवी मात्र समाजाच्या तळाशी लोटलेल्याला, गरिबाला, नव्याने आलेल्याला दिली जाते. साखर पिकवणाऱ्या आपल्या पूर्वजांना ‘कुली’ म्हणून हिणवले गेले. येथेही १९२० च्या दशकात पुकेकोहे गावी ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ निघाली. तेथे भाजीपाला पिकवणारे भारतीय आणि चिनी शेतकरी तिला नको होते. १९२६ साली येथील भारतीयांनी आपली मध्यवर्ती संघटना उभारली, हे उगाच नव्हे.

वाचकहो, आपल्या मुलाला कोणी असा शब्द वापरला तर त्याने तो मुकाट्याने गिळू नये. घरी सांगावे, आणि आईबापांनी शाळेत जाऊन बोलावे. एवढे आपण करूच. अवघड आहे ते दुसरे काम. आपल्याच जेवणाच्या टेबलावर कधी कालपरवा आलेल्या निर्वासितांविषयी, कधी सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांविषयी असेच शब्द निघतात आणि मुले ते ऐकत असतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी असले शब्द सोसले, त्यांच्या घरात तरी ते दुसऱ्यासाठी निघू नयेत. मळी रसावरची काढावी. माणसाला ते नाव देऊ नये.