नाट्यगृहातली हवा

करोनाच्या साथीमुळे बंद असलेली महाराष्ट्रातली नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१पासून पुन्हा उघडणार, हे २५ सप्टेंबरला जाहीर झालं. तेव्हापासून आपल्या क्षेत्रात दोनच प्रश्न फिरताहेत. तारखा मिळतील का? आणि निम्म्या खुर्च्यांवर प्रयोग परवडेल कसा? दोन्ही प्रश्न पोटाचे आहेत आणि त्यांची उत्तरं मिळायलाच हवीत. पण गेल्या दीड वर्षात आपण ज्या तिसऱ्या प्रश्नाला हात घातला नाही, त्याबद्दल आज लिहायचं आहे. आपल्या नाट्यगृहातली हवा कशी आहे?

आधी नाट्यगृहं बंद राहिल्याच्या संतापाबद्दल. तो खरा आहे, आणि तो कमी लेखायचा या लेखाचा हेतू नाही. डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखालचं शंभरावं नाट्यसंमेलन मार्च २०२०च्या अखेरीस सांगलीत भरणार होतं. ते राहिलं, आणि सोबत सगळं थांबलं. जवळपास आठ महिन्यांनी, ५ नोव्हेंबर २०२०ला, नेमक्या मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या क्षमतेची परवानगी आली. नाटकं उभी राहायला डिसेंबर उजाडला. जेमतेम तीन-चार महिने प्रयोग झाले आणि एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’चे आदेश येऊन पुन्हा कुलूप लागलं. चैत्र-वैशाखातल्या यात्रा सलग दोन वर्षं बंद राहिल्या, तेव्हा तमाशाच्या फडांची वर्षाची मिळकत गेली. नारायणगावात राहुट्या लागल्या की गावोगावच्या सुपाऱ्या ठरतात आणि त्यावर शंभर-दीडशे माणसांचा फड वर्षभर जगतो. हा हंगाम एकदा बुडाला तर फडमालक कर्ज काढतो. दुसऱ्यांदा बुडाला तर त्याला कर्जही कुणी देत नाही.

शहरातल्या व्यावसायिक नाटकाची गतही वेगळी नाही. आपल्याकडे महिन्याचा पगार नसतो, नाईट असते. प्रयोग झाला तर पैसे. नेपथ्य लावणारा, कपडेपट सांभाळणारा, मेकअपमन, प्रकाशयोजनेचा सहायक, बुकिंगच्या खिडकीवरचा माणूस, दारावर तिकीट फाडणारा, बसचा चालक: यांच्यापैकी कुणाचंही नाव जाहिरातीत नसतं, आणि बंदच्या काळात कुणाचीही नोंद सरकारच्या कुठल्या यादीत सापडली नाही. अनेकांनी भाजीच्या गाड्या लावल्या, काही गावी गेले ते परतले नाहीत. म्हणून ९ ऑगस्ट २०२१ला, क्रांतिदिनी, रंगकर्मी रस्त्यावर उतरले ते योग्यच झालं. १५ ऑगस्टपासून उपाहारगृहं रात्री दहापर्यंत, मॉल लस घेतलेल्यांना खुले, राजकीय मेळावे तर कधी थांबलेच नाहीत. मग नाटकच का बंद? हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता.

पण त्या प्रश्नाचं सामर्थ्य किती, हेही पाहायला हवं. मंत्रालयात त्याच सुमारास व्यायामशाळावाले आले, मंगल कार्यालयवाले आले, खासगी शिकवण्यांचे चालक आले, देवस्थानांचे विश्वस्त आले. पुण्यात व्यापाऱ्यांनी लक्ष्मी रस्त्यावर घंटानाद केला. प्रत्येकाच्या निवेदनात दुसऱ्या कुणाचं तरी नाव होतं: त्यांचं चालू आहे, आमचं का नाही? सगळ्यांचा युक्तिवाद सारखाच असेल तर सरकार आवाजाकडे आणि मतांकडे पाहून क्रम लावतं. त्या मोजणीत नाटकवाले शेवटी येणार, हे ठरलेलं होतं. तसंच झालं. ४ ऑक्टोबरला शाळा, ७ला घटस्थापनेच्या दिवशी मंदिरं, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी आपण.

वेगळा युक्तिवाद आपल्याजवळ होता आणि तो हवेचा होता. साथीच्या सुरुवातीला सगळा भर हात धुण्यावर, सॅनिटायझरवर आणि सहा फुटांवर होता. नंतर चित्र बदललं. १ मार्च २०२१ला जागतिक आरोग्य संघटनेने बंदिस्त जागांतल्या वायुवीजनाबद्दल मार्गदर्शिका काढली आणि दवाखाने व घरं सोडून इतर ठिकाणी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी, असं सांगितलं. ३० एप्रिलला याच संघटनेने, वायुवीजन नसलेल्या गर्दीच्या जागी विषाणू हवेत तरंगत राहून पसरू शकतो, हे आपल्या माहितीपत्रात घातलं. २० मेला केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूक्ष्म तुषार १० मीटरपर्यंत जाऊ शकतात असं बजावलं, आणि दारं-खिडक्या बंद करून एसी चालवण्याचा धोका सांगितला. प्रयोगाआधी विंगेत लावलेल्या उदबत्तीचा वास बंद नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत कसा जातो, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. श्वासाचं तेच होतं.

याचा आपल्या दृष्टीने अर्थ काय? प्रेक्षागृहात प्रेक्षक एका दिशेला तोंड करून, मास्क लावून, मुकाट बसलेला असतो. बंदिस्त जागांमध्ये यापेक्षा शिस्तीची गर्दी शोधून सापडायची नाही. उपाहारगृहात माणूस मास्क काढतो, समोरासमोर बसतो, मोठ्याने बोलतो. ही तुलना आपल्या बाजूची होती आणि ती नीट मांडली असती तर राज्य सरकारच्या करोना टास्क फोर्समधल्या डॉक्टरांना तिला उत्तर द्यावं लागलं असतं. त्याच वेळी, हवेचा विचार केला की दुसरी बाजूही दिसते, आणि ती आपल्याला न आवडणारी आहे. नाट्यगृहातली सगळ्यात धोक्याची जागा प्रेक्षागृह नाही. ती रंगपट आहे, आणि त्याखालोखाल तालमीची खोली.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत मार्च २०२० मध्ये एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते. खात्रीचे आणि संभाव्य मिळून ५३ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. एका बंद खोलीत, पूर्ण आवाजात, दीर्घकाळ गाणं: आपल्या संगीत नाटकाच्या तालमीचं वर्णन याहून वेगळं काय आहे? आणि इतक्या लांब जायची गरजही नाही. ‘मत्स्यगंधा’तून रसिकांच्या मनात बसलेल्या आशालता वाबगावकर सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याकडे मालिकेच्या चित्रीकरणाला गेल्या. तिथे अनेकांना लागण झाली आणि २२ सप्टेंबरला त्या गेल्या. त्या दिवशी आपण सगळे हळहळलो. पण कलाकारांच्या खोल्या, कामाचे तास, चाचण्या यांच्याबद्दल आपल्या संस्थांनी त्यानंतर कुठली ठोस मागणी केली? आपली निवेदनं प्रेक्षकांच्या खुर्च्यांबद्दल आणि भाड्याबद्दल होती. मास्क न लावता दोन-अडीच तास बोलणाऱ्या नटाबद्दल आणि खिडकी नसलेल्या खोलीत त्याच्या चेहऱ्याजवळ वाकून रंग लावणाऱ्या मेकअपमनबद्दल त्यांत फारसं काही नव्हतं.

इतर देशांतल्या नाट्यव्यवसायानेही आरडाओरड केली, पण सोबत मोजमापही केलं. जर्मनीत डॉर्टमुंडच्या संगीतगृहाने नोव्हेंबर २०२० मध्ये बंद पडलेल्या आपल्याच सभागृहात श्वास सोडणारा पुतळा खुर्चीवर बसवून तुषार कुठवर जातात ते शास्त्रज्ञांकडून मोजून घेतलं. पुरेशी ताजी हवा आणि मास्क असेल तर प्रेक्षागृहात संसर्गाची शक्यता नगण्य, असं निघालं. तरीही त्यांनी एकाआड एक खुर्चीची शिफारस केली, कारण अडचण प्रवेशमार्गात आणि मोकळ्या दालनात होणाऱ्या गर्दीची होती. त्यांचा ‘निम्मा’ आकडा असा मोजमापातून आला होता. इंग्लंडमध्ये सरकारने प्रायोगिक कार्यक्रम भरवून अभ्यास केला, पण निष्कर्ष दाबून ठेवले. जून २०२१ मध्ये अँड्र्यू लॉइड वेबर आणि इतर निर्माते ते निष्कर्ष जाहीर करा म्हणून न्यायालयात गेले, आणि लगोलग अहवाल प्रसिद्ध झाला. आमची थिएटरं उघडा, ही त्यांची मागणी होतीच. पण न्यायालयात त्यांनी मागितले ते कागद.

माद्रिदमधला प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या तेआत्रो रेआलमध्ये व्हेर्दीच्या ऑपेराचा प्रयोग होता. एकूण क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास लोक होते, म्हणजे परवानगीपेक्षा कमीच. पण खालच्या महागड्या जागांत अंतर ठेवलेलं, आणि वरच्या स्वस्त सज्जांत माणसं खेटून बसवलेली. वरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून, ओरडून निषेध केला. पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला, तोही लोकांनी होऊ दिला नाही, आणि प्रयोग रद्द झाला. टक्केवारी पाळली गेली होती, विश्वास गेला होता. बाल्कनीचं तिकीट काढणारा आपला प्रेक्षक हा असाच आहे. त्याला परत आणायचं असेल तर त्याच्या जागेची काळजी पहिल्या रांगेइतकीच घ्यावी लागेल.

आणि २०२१च्या या निम्म्या क्षमतेच्या नियमाचं गणित तरी काय आहे? नाट्यगृहाचं भाडं निम्मं होत नाही. काही पालिकांनी सवलत दिली, तिचं स्वागत, पण ती सगळीकडे नाही आणि कायमची नाही. बसचं डिझेल, टोल, वर्तमानपत्रातली जाहिरात, नटांच्या आणि कामगारांच्या नाईट यांतलं काही निम्मं होत नाही. आठ पात्रांचं, दोन अंकी, भरगच्च नेपथ्याचं नाटक या हिशेबात बसत नाही. दोन पात्रांचं बसतं. हा नियम लांबला तर रंगभूमीवर काय लिहिलं जाईल हेही तोच ठरवेल, आणि ज्यांची पात्रं कापली जातील ते नवे, धडपडणारे नट असतील. शिवाय चांगलं वायुवीजन असलेलं नाट्यगृह आणि वर्षानुवर्षं एसीची दुरुस्ती न झालेलं कोंदट नाट्यगृह यांना हा नियम एकाच मापाने मोजतो. पहिल्यावर अन्याय होतो, दुसऱ्याला खोटी सुरक्षितता मिळते. मोकळ्या माळावरचा तमाशा, देवळासमोरचा दशावतार आणि बंदिस्त सभागृह यांना आदेशांनी दीड वर्ष एकाच खान्यात टाकलं, हे तर हवेच्या दृष्टीने पूर्ण चुकीचं होतं.

जून २०२१मधल्या निर्बंधांच्या पाच स्तरांबद्दल आपल्याकडे खूप राग आहे, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. ३ जूनला एका मंत्र्यांनी अठरा जिल्हे खुले झाल्याचं सांगितलं आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री कार्यालयाने प्रस्ताव विचाराधीन असल्याचा खुलासा केला. आदेश आला, ७ जूनपासून लागू झाला. पहिल्या स्तरातल्या जिल्ह्यांत नाट्यगृहं कागदावर उघडली. २५ जूनला विषाणूच्या डेल्टा प्लस या प्रकारामुळे सगळं राज्य किमान तिसऱ्या स्तरात गेलं आणि ती पुन्हा बंद झाली. तीन आठवड्यांत तारीख घेऊन, तालीम करून, जाहिरात देऊन कुणी नाटक लावू शकत नाही. तरीही मी म्हणेन की त्या आदेशात एक गोष्ट चांगली होती: आकडे लिहिलेले होते. चाचण्यांतला बाधितांचा दर पाच टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन खाटा पंचवीस टक्क्यांखाली भरलेल्या असतील तर पहिला स्तर. आपल्या जिल्ह्याचं काय होणार, हे निर्मात्याला घरी बसून कळू शकत होतं. ते निकष अठरा दिवसांत बदलले, आणि लोकांचा भरवसा तिथे तुटला. बंदी माणसं सोसतात. नियम रोज बदलतात तेव्हा त्यांचा संयम संपतो.

तिसरी लाट आली तर काय, हे आजच विचारून ठेवलं पाहिजे. नाट्यगृहं कुठल्या आकड्याला बंद होतील, कुठल्या आकड्याला उघडतील आणि किमान किती दिवस आधी कळवलं जाईल, हे शासनाने लेखी द्यावं. क्षमतेची अट नाट्यगृहाच्या हवेशी जोडावी: ताज्या हवेची सोय दाखवील त्याला जास्त खुर्च्या. बंद पडलेल्या काळात नाईटवर जगणाऱ्यांची नोंदणी करून त्यांना मदतीच्या यादीत घ्यावं. लसीचंही पाहा. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण मेमध्ये तुटवड्यामुळे राज्यात थांबलं. जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिली मात्रा घेतलेल्या तरुण रंगमंच कामगाराला, बारा आठवड्यांच्या अंतरामुळे, दुसरी मात्रा सप्टेंबरच्या मध्यात मिळाली आणि दोन मात्रांवरच मिळणारा लोकलचा पास त्यानंतर चौदा दिवसांनी. डोंबिवलीहून दादरला येणाऱ्या या मुलाला काम मिळालं असतं तरी तो पोचला कसा असता? त्याची दुसरी मात्रा अजून राहिली असेल तर निर्मात्याने ती पहिल्या प्रयोगाआधी मिळेल असं पाहावं.

मोजमाप मात्र सरकारची वाट न पाहता आपण सुरू करू शकतो. कार्बन डायऑक्साइड मोजण्याचं छोटं यंत्र काही हजार रुपयांत मिळतं. मोकळ्या हवेत ते ४००च्या थोडं वर आकडा दाखवतं. भरलेल्या सभागृहात मध्यंतरापर्यंत तो १,०००च्या वर चढत गेला तर ताजी हवा कमी पडते आहे, हे समजायचं. तेवढ्या पुराव्यावर मध्यंतर लांबवता येतं, दारं उघडता येतात, पालिकेला एसीची दुरुस्ती मागता येते. झाडीपट्टीतल्या मंडळींना याची घाई सर्वांत जास्त आहे. भाऊबीजेपासून वडशाच्या मंडळांचा हंगाम सुरू होतो, आणि त्यांच्या मोकळ्या मंडपांचा निर्णय बंदिस्त सभागृहांपासून वेगळा घ्यायला लावणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे.

पुढच्या अंकापासून या मासिकात राज्यातल्या नाट्यगृहांची हवा, एसी, रंगपट आणि स्वच्छतागृहं यांची माहिती गावागणिक छापायला घेत आहोत. व्यवस्थापक, दौऱ्यावरचे कलाकार, नेपथ्य लावणारे, ज्यांचा जिथे प्रयोग असेल त्यांनी ती लिहून पाठवावी. प्रयोगाची तारीख, किती खुर्च्या भरल्या होत्या, यंत्र असेल तर मध्यंतराचा आणि शेवटचा आकडा, एसी बाहेरची हवा आत घेतो की आतलीच फिरवतो, आणि रंगपटाला उघडणारी खिडकी आहे का, एवढं पुरे.