ताडकळसचे महानगर कोणते?

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसहून मोठ्या शहराकडे निघालेल्या माणसाला पूर्णा जंक्शनवर दोन दिशा असतात. एकीकडे हैदराबाद, रेल्वेने तीनशे किलोमीटरच्या आसपास. दुसरीकडे मुंबई, साडेपाचशेच्या पुढे. मनमाड-हैदराबाद हा लोहमार्ग निजामाच्या काळातला. आजही पूर्णा स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते आणि त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. 1956 पर्यंत परभणीची राजधानीही हैदराबादच होती. राज्य पुनर्रचनेने राजधानी बदलली, अंतरे जिथल्या तिथे राहिली. तरीही या भागाच्या विकासाचे बोलणे मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर एवढ्यातच फिरते. सीमेवरच्या धर्माबादच्या पुढचा नकाशा जणू कोराच.

हा कोरेपणा कायद्यातच मुरलेला आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनुसार महानगर क्षेत्र म्हणजे दहा लाख किंवा अधिक वस्तीचा, राज्यपालांनी अधिसूचित केलेला प्रदेश. आणि राज्यपालांची सही राज्याच्या शिवेपर्यंतच चालते. दिल्लीसाठी वेगळी वाट काढावी लागली. शेजारच्या राज्यांच्या विधानसभांनी ठराव केले, 1985 मध्ये संसदेने कायदा केला आणि 1,483 चौरस किलोमीटरच्या दिल्लीभोवती तीन राज्यांना जोडणारे, आज सुमारे 55 हजार चौरस किलोमीटरचे नियोजन क्षेत्र उभे राहिले. जनगणनेची अडचण वेगळी आहे. 2011 मध्ये परभणी जिल्ह्यात 18.36 लाख माणसे मोजली गेली, हैदराबाद आणि लगतच्या नागरी वस्तीत 77 लाखांच्या आसपास. कामाला किती लांब आणि कशाने जाता, हे त्या वेळी विचारले गेले; कुठे जाता, हे विचारलेच नाही. त्यामुळे नांदेड-निजामाबाद पट्ट्यात रोज शीव ओलांडणारे किती, याचा हिशेब त्या तक्त्यांत सापडत नाही. जे मोजले नाही त्यासाठी गाडी, वसतिगृह किंवा दवाखाना मागायचा तरी कोणत्या आकड्यावर?

हैदराबादला नियोजनात धरण्यावर पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका नाही. रझाकारांशी झुंजून ज्या राज्यातून मराठवाडा सुटला, त्याच्याच राजधानीकडे पुन्हा पाहायचे का? पण गुरुग्राम दिल्लीभोवतीच्या नियोजन क्षेत्रात आले म्हणून हरियाणातून गेले नाही. उलट सोयींचा प्रश्न तुंबला की शीवच हलवण्याची भाषा सुरू होते. धर्माबाद परिसरातल्या गावांनी तेलंगणात सामील करून घेण्याची मागणी केली ती रस्ते, पाणी आणि योजनांच्या तुलनेतूनच. दुसरा आक्षेप अंतराचा. तीनशे किलोमीटरवरचे गाव कुठल्याच व्याख्येने महानगरात बसत नाही, हे मान्यच. ताडकळसला हैदराबादचे उपनगर करा असे कोणी म्हणत नाही. मागणी एवढीच, की नांदेड आणि निजामाबादचा विचार एका पट्ट्याचा म्हणून व्हावा, आणि पूर्णा-परभणीच्या रेल्वे, बाजार व उच्च शिक्षणाच्या आराखड्यात हैदराबादची ओढ धरलेली असावी. आधी आपले नांदेड मोठे करा, असेही म्हटले जाते. जरूर करावे, पण बाजारपेठ शिवेपलीकडे पसरलेली असताना शहर अर्ध्याच वर्तुळात कसे वाढणार?

दोन राज्यांनी एकत्र बसायची जागा मात्र अवघड आहे. विभागीय परिषदांत महाराष्ट्र पश्चिमेच्या गटात, तेलंगणा दक्षिणेच्या. म्हणजे पूर्णा नदीचे पाणी घेऊन गोदावरी ज्या शेजाऱ्याकडे जाते, तो आपल्या परिषदेत नाहीच! तरी पाण्यापुरती वाट सापडली आहे. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2013 मध्ये निकाल दिला आणि केंद्रीय जल आयोगाचा एक व महाराष्ट्र व तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचा एकेक, अशी तीन सदस्यांची देखरेख समिती नेमली. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे, इतके बारीक ठरले. त्याच खोऱ्यातल्या माणसांच्या येण्याजाण्यासाठी अशी एखादी समिती नेमायला न्यायालयात जाण्याची गरज नाही. दोन मुख्य सचिवांची एक बैठक पुरेशी आहे.