उघाडी कोणाच्या हातीं ?

भाईंदरच्या खाडीकांठीं ज्यांनीं खारजमीन कसली आहे, त्यांस उघाडी म्हणजे काय हें सांगण्याचें कारण नाहीं. ओहोटीस झडप उघडून शेतांतील पाणी बाहेर जातें. भरती येतांच तीच झडप मिटते व खारें पाणी बांधापलीकडे राहतें. संगणकावरील फायरवॉल नांवाचा पहारा बहुतांशीं असाच आहे. विंडोजमध्यें तो मूळचा असा बसविलेला असतो कीं, आंतून जाणाऱ्यास वाट मोकळी, बाहेरून येणाऱ्यास मनाई.

म्हणून हिशेबाचें एखादें सॉफ्टवेअर, ज्यास इंटरनेटचें कांहींएक काम नाहीं, प्रथम उघडतांच फायरवॉल परवानगी विचारूं लागला, तर त्याचा अर्थ इतकाच कीं, तें सॉफ्टवेअर बाहेरच्यांसाठीं दार उघडून बसूं पाहत आहे. कधीं कारण निर्दोष असतें. सॉफ्टवेअरचे दोन भाग त्याच यंत्रांत एकमेकांशीं बोलण्यास अशी वाट वापरतात, आणि करणाऱ्यानें ती हवी त्याहून रुंद ठेवलेली असते. पण मालकानें कारण विचारूं नये काय? बहुतेक जण 'परवानगी'वर बोट ठेवून मोकळे होतात. आम्हीं महसूल खात्यांत उमर घालविली. तेथें बारनिशींत नोंद झाल्यावांचून कागद हलत नसे. आमचें सांगणें असें कीं, प्रथम नाकारावें. एकट्या यंत्रावर चालणारें सॉफ्टवेअर तेवढ्यानें सहसा बंद पडत नाहीं. काम अडलेंच तर पुढें पाहतां येईल. विकणारा "फायरवॉलच बंद करा" म्हणूं लागला, तर तो झडप करकरते म्हणून बांध फोडावयास सांगत आहे. त्याचा माल खुशाल परत करावा.

तथापि आम्हांस अधिक भय वाटतें तें मोकळ्या सोडलेल्या जावक वाटेचें. जून २०१७ मध्यें युक्रेनमधील एम.ई.डॉक या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ति ग्राहकांच्या यंत्रांनीं नेहमींप्रमाणें आपण होऊन मागविली. तींत चोरट्यांनीं विष कालविलें होतें. मागणी आंतूनच गेलेली, तेव्हां पहारेकऱ्यानें अडवावें कोणास? त्या नॉटपेट्यानें मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीचीं यंत्रें जगभर निकामी केलीं, व आपल्या न्हावाशेवा बंदरांत त्याच समूहाच्या धक्क्याचें काम ठप्प झालें. कंपनीनें आपलें नुकसान वीस ते तीस कोटि डॉलरांचें सांगितलें. आपलीं द्राक्षें व कांदा परदेशीं जातो तो याच बंदरांतून.

विंडोजच्या पहाऱ्यांतहि जावक अडविण्याचा नियम करतां येतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आमच्या मतें सोसायट्यांनीं सॉफ्टवेअर घेण्यापूर्वीं, तें कोठें व कशासाठीं संपर्क करितें, हें विकणाऱ्याकडून मराठींत लिहून घ्यावें व पावतीस जोडून ठेवावें. ज्या यंत्रावर सभासदांचे सातबारे, आधार-क्रमांक व बँक-खातीं आहेत, आणि ज्याच्या कामास इंटरनेट लागत नाहीं, त्याची तार काढून ठेवण्यास तर कोणाचीच परवानगी नको.