यादीत नसलेली लेकरे

वऱ्हाडात बाळ जन्मले की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, दुसरा वजन किती. बाळाला शी करायची जागा आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. विचारले पाहिजे. साधारण पाच हजार जन्मांमागे एक बाळ गुदद्वाराविना, किंवा आतडे भलत्याच ठिकाणी उघडलेले घेऊन जन्मते.

मध्यंतरी अकोला जिल्ह्यातील एक शेतमजूर बाप काखेत फाईल घेऊन आमच्याकडे आला. केस करायची म्हणाला. मुलीचे आतडे योनीमार्गाच्या तोंडाशी बारीक छिद्राने उघडत होते. दुधावर होती तोवर शी होत राहिली, म्हणून कोणाला शंका आली नाही. वरचे खाणे सुरू झाले आणि पोट नगाऱ्यासारखे फुगले. पुढे नागपूर, तीन शस्त्रक्रिया. आज मुलगी नऊ वर्षांची आहे आणि कपड्यात शी होते म्हणून शाळेत जात नाही.

आम्ही फाईल वाचली. शस्त्रक्रियेत दोष दिसला नाही. दोष होता पहिल्या दिवशी न पाहण्यात. प्रसूती सरकारी दवाखान्यात झालेली, आणि सर्वांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालाने ठरलेले. बसली असती तरी दोन वर्षांची मुदत कधीच उलटली होती. गरिबाला फुकट मिळालेल्या उपचाराबद्दल त्याने तक्रार करायची तर दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायच्या!

दोष सौम्य असेल तर एका शस्त्रक्रियेत भागते. एरवी टप्पे तीन. आधी पोटावर आतड्याचे तोंड काढून शीला वाट देतात, ही कोलोस्टोमी. काही महिन्यांनी मागून मध्यरेषेवर छेद घेऊन, स्नायू नेमके कुठे आहेत ते विजेच्या सौम्य धक्क्याने ओळखून, त्यांच्या मधोमध आतडे बसवतात. ही पद्धत डॉ. आल्बेर्तो पेना आणि डॉ. पीटर डीव्रीस यांनी १९८२ मध्ये जगापुढे मांडली. शेवटी पोटावरचे तोंड बंद करतात. सोबत मूत्रपिंड, हृदय आणि मणक्याची तपासणी हवी, कारण दोष बहुधा एकटा येत नाही.

घरांची खरी दैना होते ती या टप्प्यांच्या मधल्या काळात. पिशवी परवडत नाही म्हणून आई पोटाला जुने लुगडे बांधते. कातडी सोलवटते, कधी आतडे बाहेर लोंबते. नवे गुदद्वार व्रणाने आकसू नये म्हणून घरी रोज दोनदा धातूची कांडी घालून ते रुंद ठेवावे लागते. लेकरू किंचाळते, आईचा हात थांबतो, आणि जागा पुन्हा अरुंद होते. मग परत शस्त्रक्रिया. काही जण कोलोस्टोमीनंतर फिरकतच नाहीत. धारणी-चिखलदऱ्याच्या मजुराने दर खेपेला किती दिवसांची मजुरी बुडवायची?

सगळे पार पडल्यावरही बद्धकोष्ठता उरते. आत घट्ट गोळा साचतो, त्याच्या बाजूने पातळ शी झिरपते. लोकांना ते जुलाब वाटतात. जुलाब थांबवायचे औषध दिले की आणखी बिघडते. स्नायू व मणका मुळातच अपुरे असतील तर शीवर ताबा येतच नाही. पेना यांच्या अनुभवात चारांतले जवळपास एक मूल असे. त्यालाही ठरल्या वेळी रोज एनिमा देऊन दिवसभर स्वच्छ ठेवता येते. पण हे शिकवणार कोण? टाके काढले की दवाखान्याच्या लेखी काम संपते.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरला ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत नऊ जन्मदोष आहेत: दुभंगलेले ओठ आहेत, वाकडे पाय आहेत, मोतीबिंदू आहे. गुदद्वाराचा दोष नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या एकवीस प्रकारांतही शीवर ताबा नसलेले मूल नाही. फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलेल, पण पिशव्यांचे, एनिमाचे, शाळेचे काय?

यादी करणाऱ्यांना या दोषाचे नाव घ्यायला लाज वाटली काय? आपल्या लोकांनाही वाटते. मागच्या जन्मीचे पाप, ग्रहणात आईने काही चिरले, असले बोल आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही ऐकले आहेत. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या इतरांची घाण उपसायला लावून वर घाणेरडे म्हटले गेले, त्याच समाजाच्या वस्तीत एका मुलीला वास येतो म्हणून शेजारी बसवत नाहीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये हगवणीने आपल्याच विष्ठेत पडलेल्या भिक्खूची कथा दिली आहे. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी त्याला धुतले. सोबत्यांनी त्याला टाकले होते, कारण तो कोणाच्या उपयोगाचा उरला नव्हता.

आमच्या मागण्या महाग नाहीत. प्रत्येक प्रसूतीनंतर गुदद्वार पाहिल्याची नोंद बाळाच्या कागदावर असावी, आणि मुलीच्या बाबतीत 'शी झाली' एवढ्यावर भागवू नये. हा दोष बालस्वास्थ्याच्या यादीत यावा. अकोला आणि अमरावतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बालशल्यचिकित्सकाची किती पदे मंजूर आहेत व किती भरली आहेत, हे शासनाने जाहीर करावे. त्यासाठीचा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तयार ठेवला आहे. अंगणवाडी सेविका आणि विहारांच्या महिला मंडळांनी अशी घरे शोधून कळवावीत.

त्या बापाची केस आम्ही घेतली नाही. त्याच्यासोबत शाळेत गेलो. मुख्याध्यापिकेने शिक्षकांच्या संडासाची एक किल्ली मुलीच्या दप्तरात ठेवायला दिली आणि सोमवारपासून पाठवा म्हणाल्या.