तीन मिनिटांची परीक्षा

परवा नातीचं गाणं ध्वनिमुद्रित होताना मी काचेपलीकडे बसलो होतो. एक सूर जरा उतरला, तशी ती थांबली. ‘‘गा तू पुढे, नंतर संगणकावर नीट करू,’’ यंत्रज्ञ म्हणाला. मला माळ्यावरच्या लाखेच्या तबकड्या आठवल्या.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजान तबकडीसाठी गायल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याजवळ तोंड नेऊन गायचं. आवाजाने थरथरणारी सुई मेणावर रेघ कोरी. वेळ जेमतेम तीन मिनिटं. चूक झाली, की सारं पहिल्यापासून!

म्हणून ती पद्धत श्रेष्ठ होती का? मुळीच नाही. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागे. तंबोऱ्याचा झणत्कार तर हरवूनच जाई. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि हळुवार स्वरही टिपता येऊ लागला. ती सुधारणाच होती.

आपण गमावलं ते वेगळंच. तेव्हा पुरती तयारी करूनच गायक कर्ण्यासमोर उभा राही. आता तयारीतली उणीव यंत्र झाकून टाकतं.

मी नातीला म्हटलं, ‘‘बाळ, पुन्हा गा.’’ तिसऱ्या खेपेला सूर लागला आणि ती खुदकन हसली. संगणकाने लावून दिलेल्या सुराला हे हसू कुठून येणार?